एका ताटांतील साक्ष

लग्नाच्या मांडवांत किंवा कुलदैवताच्या नवरात्रांत दूरदूरचीं नातलग मंडळी एकत्र जमलीं म्हणजे एक देखावा हटकून दृष्टीस पडतो. घरांतील एखादी वृद्ध आजी दाराशीं बसलेली असते आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाची हनुवटी धरून ती विचारते, "तूं कोणाचा रे?" मुलानें नांव सांगितलें तरी तिचें समाधान होत नाहीं. ती त्याचें कपाळ पाहते, नाक पाहते, चालण्याची ढब पाहते, आणि मग म्हणते, "होय, आमचाच." पुढें मग कोण वारलें, कोणाचें लग्न झालें, कोणाचें कोणाशीं बोलणें तुटलें, अशी सगळी कहाणी रात्र सरेपर्यंत चालते. सामान्य घरांत ही केवळ कौतुकाची गोष्ट असते. आजीनें ओळखलें नाहीं म्हणून कोणाचें राज्य जात नाहीं. परंतु महाराष्ट्रांत एक घर असें होऊन गेलें कीं, ज्यांत "तूं कोणाचा?" या प्रश्नाच्या उत्तरावर राजगादी अवलंबून होती, आणि हा प्रश्न एका शतकाच्या आंत दोन वेळां विचारला गेला. तें घर म्हणजे छत्रपति भोसल्यांचें.

संभाजी महाराजांचा वध ११ मार्च १६८९ रोजीं झाला. त्या वेळीं राणी येसूबाई व सात वर्षांचे पुत्र शाहू रायगडावर होते, आणि गडाला मोंगली सैन्याचा वेढा पडत चालला होता. सारें राजकुल एका ठिकाणीं राहिलें तर एकाच घावांत संपेल, हें येसूबाईंनीं ओळखलें. दीर राजाराम महाराजांनीं गडाबाहेर पडून राज्य चालवावें आणि आपण मुलासह गडावर राहावें, असा सल्ला त्यांनीं दिला. स्वतःच्या मुलाचा हक्क पुढें न करतां दिराला वाट मोकळी करून देणारी ही बाई पिलाजी शिर्के यांची कन्या. संभाजी महाराज मोहिमेवर असतां राज्याचा कारभार त्यांच्या हातीं असे, आणि त्यांची 'श्री सखी राज्ञी जयति' ही मुद्रा प्रसिद्धच आहे. एप्रिल १६८९ मध्यें राजाराम महाराज गडाबाहेर पडले व पुढें दूर कर्नाटकांत जिंजीस पोहोंचले. नोव्हेंबरांत रायगड पडला. येसूबाई, शाहू आणि परिवारांतील इतर मंडळी औरंगजेबाच्या छावणींत गेलीं.

त्या दिवशीं निरोप घेऊन वेगळीं झालेलीं हीं दोन कुटुंबें पुन्हां एका छताखालीं आलींच नाहींत. राजाराम महाराज मार्च १७०० मध्यें सिंहगडावर वारले. त्यांच्या मागें ताराबाईंनीं आपल्या अल्पवयी पुत्रास, शिवाजीस, गादीवर बसवून सात वर्षें प्रत्यक्ष बादशहाशीं झुंज दिली. इकडे शाहू छावणींतच लहानाचे मोठे झाले. बादशहानें त्यांस राजा हा किताब आणि सात हजारांची मनसब दिली. त्याची कन्या झीनतुन्निसा या मायलेकरांशीं ममतेनें वागली. शिंदखेडचे जाधव आणि कण्हेरखेडचे शिंदे यांच्या घरच्या मुलींशीं शाहूंचे विवाहहि छावणींतच झाले. कैद खरी, पण चालती कैद होती. छावणी हलली कीं तंबू उपटायचे आणि तिच्या मागें निघायचें. अठरा वर्षें अशीं गेलीं.

१७०७ च्या आरंभीं औरंगजेब वारला. त्याचा पुत्र आझमशहा उत्तरेकडे निघाला असतां मे महिन्यांत भोपाळच्या बाजूस दोराहा येथें त्यानें शाहूंस मोकळे केलें. मोकळीक मिळाली ती मात्र एकट्याला. मातुश्री येसूबाई, सावत्र बंधु मदनसिंग व इतर कुटुंब ओलीस म्हणून मागें राहिलें. पंचवीस वर्षांचा तरुण ज्या देशांतून सात वर्षांचा असतां नेला गेला, त्या देशाकडे थोड्या लोकांनिशीं निघाला. त्याला पाहिलेला माणूस त्या देशांत शोधूनच काढावा लागला असता.

ताराबाईंनीं जाहीर केलें कीं, हा शाहू नव्हेच, हा तोतया आहे. या उद्गाराबद्दल त्यांस नुसता दोष देणें सोपें आहे. पण ज्या बाईनें पतीच्या मागें राज्य राखलें, तिला तें एका अनोळखी तरुणाच्या शब्दावर सोडून देणें कसें रुचावें? शिवाय तोतये इतिहासांत थोडे झालेले नाहींत. त्यांनीं आपल्या सरदारांकडून दूधभातावर हात ठेवून एकनिष्ठेच्या शपथा घेवविल्या. उलट बाजूस, शाहूंना वाटेंत येऊन मिळालेल्या पहिल्या मोठ्या सरदारांपैकीं परसोजी भोसले हे होते. पुढें नागपूरच्या गादीस चढलेलें घराणें तें हेंच. लोकांचा संशय फिटावा म्हणून परसोजी सर्वांसमक्ष शाहूंच्या एका ताटांत जेवले, असें सांगतात. आज ही गोष्ट क्षुल्लक वाटेल; परंतु एका ताटांतील घास ही त्या काळीं रक्ताच्या नात्याची साक्ष होती. मोहोर नव्हती, दस्तऐवज नव्हता. भोसल्यानें भोसल्याबरोबर घास घेतला, एवढेंच पुष्कळांना पुरलें.

ताराबाईंच्या पक्षाकडून खरेंखोटें पाहण्यास खंडो बल्लाळ चिटणीस गेले. त्यांचे वडील बाळाजी आवजी यांस संभाजी महाराजांच्या आज्ञेनें १६८१ मध्यें देहान्त शासन झालें होतें. ज्याच्या बापाचा जीव ज्या राजानें घेतला, त्याच राजाचा हा मुलगा खरा कीं खोटा, हें सांगण्याचें काम त्याजकडे आलें. "खोटा" एवढा एक शब्द उच्चारला असता तर वैराचें उट्टें फिटलें असतें आणि यजमानिणीची मर्जीहि राहिली असती. खंडो बल्लाळांनीं येऊन सांगितलें कीं, हे शाहूच. सेनापति धनाजी जाधवांचें मन त्यामुळें फिरलें. १२ ऑक्टोबर १७०७ रोजीं भीमेच्या कांठीं खेड येथें लढाई झाली, तींत धनाजी बाजूस राहिले व परशुराम त्रिंबक प्रतिनिधि यांस माघार घ्यावी लागली. १२ जानेवारी १७०८ रोजीं साताऱ्यास शाहूंचा राज्याभिषेक झाला.

शाहू कोण हें ज्या एका व्यक्तीस जन्मापासून प्रत्येक दिवशीं ठाऊक होतें, ती व्यक्ति मात्र या साऱ्या वादांत हजर नव्हती. येसूबाईंचा एक शब्द दूधभाताच्या सर्व शपथांना भारी झाला असता. मोंगलांनीं त्यांस ठेवून घेतलें तें शाहूंनीं नीट वागावें म्हणून. परंतु त्यामुळें घरांतील भांडण मिटविणारी साक्षच परक्यांच्या हातीं राहिली. भोसल्यांच्या दोन शाखांतील कलह पुढें वाढत गेला त्याला कारणें पुष्कळ आहेत. पण त्यांत या गैरहजेरीचीहि गणना केली पाहिजे.

बारा वर्षें अशीं गेलीं. १७१८ मध्यें बाळाजी विश्वनाथांनीं सय्यद हुसेन अलीशीं तह ठरविला, त्यांत राजकुटुंबाच्या सुटकेचें कलम होतें. मराठी फौज सय्यदाबरोबर फेब्रुवारी १७१९ मध्यें दिल्लींत शिरली. तेथें फर्रुखसियर बादशहा पदच्युत झाला, शहरांत दंगा उसळला आणि त्यांत शेंकडों मराठे कापले गेले. नाना फडणिसांचे आजोबा बाळाजी महादेव भानु यांचाहि त्यांत अंत झाला. मार्चमध्यें चौथाई व सरदेशमुखी यांच्या सनदा हातीं पडल्या आणि राजपरिवाराला घेऊन फौज दक्षिणेकडे वळली. जुलैमध्यें मंडळी साताऱ्यास पोहोंचलीं.

इतिहासाचे ग्रंथ १७१९ हें वर्ष सनदांसाठीं लक्षांत ठेवतात, आणि राज्याच्या दृष्टीनें तें योग्यहि आहे. दक्षिणेच्या सहा सुभ्यांचा चौथा हिस्सा ही कांहीं लहान मिळकत नव्हे. परंतु साताऱ्याच्या वाड्यांत त्या दिवशीं कोणत्या गोष्टीचें महत्त्व अधिक वाटलें असेल, हें ज्याला आई आहे त्याला सांगावयास नको. निरोप घेतांना मुलगा पंचवीस वर्षांचा, राज्य नसलेला तरुण होता. आतां तो सदतीस वर्षांचा छत्रपति होता.

येसूबाईंना कळावयाच्या गोष्टी तरी किती! सुमारें तीस वर्षांपूर्वीं ज्या घरांतून त्या गेल्या तें रायगडावरचें घर आतां त्यांचें नव्हतें. गड सिद्दीच्या ताब्यांत होता व तो मराठ्यांकडे परत यावयास १७३३ साल उजाडावें लागलें. साताऱ्याचें घर त्यांनीं कधीं आपलें म्हणून पाहिलेलें नव्हतें. धनाजी जाधव वारून अकरा वर्षें झालीं होतीं. कोल्हापूरकडे तर घरच फिरलें होतें. १७१४ मध्यें सवत राजसबाईनें ताराबाईंस व त्यांच्या मुलास पन्हाळ्यावर कैदेंत टाकून आपल्या मुलास, संभाजीस, गादीवर बसविलें होतें. ज्या जावेच्या नवऱ्यासाठीं आपण गड सोडला नाहीं, ती जाऊ आतां आपल्याप्रमाणेंच कैदेंत, आणि तीहि स्वकीयांच्या! ही वार्ता येसूबाईंच्या मनांत कशी उतरली असेल, याचा अंदाज ज्यानें त्यानें करावा.

वाड्यांतहि नवीन माणसें होतीं. सकवारबाई व सगुणाबाई या दोन सुना मागाहून घरांत आल्या होत्या. त्यांतील सकवारबाई शिर्क्यांच्या घरची. संभाजी महाराजांच्या काळीं वतनाच्या वादावरून शिर्के दुरावले आणि मोंगलांस जाऊन मिळाले. सासरमाहेरच्या त्या वैरांत येसूबाईंची काय अवस्था झाली असेल तें बायकांनाच कळेल. त्याच माहेरची मुलगी आतां सून होऊन समोर वांकून नमस्कार करीत होती. विरूबाई मात्र नवखी नव्हती, ती छावणीच्या दिवसांची सोबतीण. तिच्या देखरेखीखालीं एक बारा वर्षांचा मुलगा वाढत होता, फत्तेसिंग. १७०७ मध्यें शाहू परत येत असतां पारद गांवच्या पाटलानें विरोध केला आणि तो लढाईंत पडला. तेव्हां त्याच्या विधवेनें आपलें तान्हें मूल आणून शाहूंच्या पुढ्यांत टाकलें. शाहूंनीं तें उचलून घेतलें आणि आपलें म्हटलें. अक्कलकोटचें राजघराणें तें त्याचेंच. स्वतःच "तोतया" ठरविला गेलेला तरुण घरीं पोहोंचण्याच्या आधींच दुसऱ्याच्या मुलाला भोसले हें नांव देतो, यांत त्याच्या स्वभावाचें सारें सार आहे.

येसूबाईंचें उरलेलें आयुष्य साताऱ्यासच गेलें. घरांतील दुसरा मेळ पडण्यास आणखी दहा-बारा वर्षें लागलीं. १७३० मध्यें वारणेकांठीं कोल्हापूरकरांचा पराभव झाला आणि ताराबाई व संभाजीची राणी जिजाबाई शाहूंच्या सैन्याच्या हातीं सांपडल्या. शाहूंनीं भावजयीस सन्मानानें परत धाडलें. ताराबाईंनीं, तिकडेहि कैद आणि इकडेहि कैद, मग साताऱ्यासच राहतें, असें म्हटल्याचें सांगतात. फेब्रुवारी १७३१ मध्यें कराडजवळ जखिणवाडीस दोघे चुलतभाऊ मोठ्या समारंभानें भेटले आणि एप्रिलमध्यें वारणेच्या तहानें राज्याची वांटणी झाली. घराण्याची भेट आणि घराण्याची वांटणी एका हंगामांतच उरकली. आपल्याकडे या दोन गोष्टी पुष्कळदां एकाच पंगतींत होतात.

शाहूंना पुत्रसंतान राहिलें नाहीं. त्यांच्या उतारवयांत ताराबाई पुढें झाल्या आणि म्हणाल्या कीं, माझा नातू रामराजा लहानपणापासून लपवून वाढविलेला आहे. १५ डिसेंबर १७४९ रोजीं शाहू वारले व रामराजास साताऱ्यास आणण्याचें ठरलें. पुन्हां तोच प्रश्न उभा राहिला, आणि या वेळीं संशय घेणारे दुसरे व उत्तर देणाऱ्या ताराबाई. कृष्णेच्या कांठीं, जमलेल्या फौजेसमोर, त्यांनीं रामराजाबरोबर एका ताटांत जेवून त्या अन्नावर शपथ घ्यावी कीं हा माझा नातू, अशी मागणी झाली. त्यांनीं ती मान्य केली व त्याप्रमाणें शपथ घेतली. बेचाळीस वर्षांपूर्वीं परसोजी भोसल्यांचा जो घास त्यांना मान्य झाला नव्हता, तसाच घास आतां त्यांनीं घेतला.

जानेवारी १७५० मध्यें रामराजाचा राज्याभिषेक झाला. पेशव्यास दूर करावें ही ताराबाईंची इच्छा तो मानीना. नोव्हेंबरांत त्यांनीं त्याला साताऱ्याच्या किल्ल्यांत अडकवून ठेवलें आणि सांगितलें कीं, हा माझा नातू नव्हे, तोतया आहे. १७५२ मध्यें जेजुरीस खंडोबासमोर पेशव्याशीं समेट करतांनाहि त्यांनीं शपथेवर तेंच म्हटलें. १७६१ च्या डिसेंबरांत ताराबाई वारल्या. रामराजा त्यांच्या मागें सोळा वर्षें जगला, आणि १७७७ मध्यें त्याचा अंत होईपर्यंत साताऱ्याच्या गादीचा कारभार छत्रपति म्हणून त्याच्याच नांवें चालत राहिला.