कुंपणाशी अडलेला चेंडू

गोल्फचे उपलब्ध असलेले सर्वांत जुने लेखी नियम १७४४ सालचे आहेत. स्कॉटलंडमधल्या एडिंबरो नगरपालिकेने चांदीची काठी बक्षीस म्हणून ठेवली, तेव्हा शेजारच्या लीथ येथील खेळाडूंनी त्या स्पर्धेसाठी तेरा नियम लिहून काढले. दहावा नियम कडक होता. चेंडू माणूस, घोडा, कुत्रा किंवा कशालाही लागून थांबला, तरी पडला तिथूनच मारायचा. तेराव्या नियमात मात्र सवलत होती. मैदान राखण्यासाठी खणलेला चर, घातलेला बांध, शाळकरी मुलांचे खळगे किंवा सैनिकांनी खणलेल्या रांगा यांत चेंडू गेला, तर तो बाहेर काढून पुन्हा मांडता येई. पुढचा फटका लोखंडी काठीने मारायचा एवढीच अट. जमिनीचा मूळचा चढउतार खेळाडूने सोसावा, पण दुसऱ्याच कामासाठी माणसाने केलेल्या गोष्टीचा भुर्दंड त्याला बसू नये, हा न्याय तिथे प्रथम दिसतो.

स्कॉटिश लोकांबरोबर हा खेळ भारतात आला. कलकत्त्यात १८२९ मध्ये आणि मुंबईत १८४२ मध्ये क्लब निघाले. मुंबईच्या क्लबने १८४५ मध्ये स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या क्लबला एक पदकही दिले. त्या काळी प्रत्येक क्लबचे नियम थोडेफार निराळे असत. १८९७ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने नियमसमिती नेमली आणि १९५२ मध्ये ब्रिटिश व अमेरिकन नियम एक झाले. २०१९ च्या फेररचनेत चौतीस नियमांचे चोवीस झाले.

आजच्या नियमांत सगळ्यात बारकाईचा भाग कुंपणाचा आहे. परभणीकडच्या शेतात धुऱ्यावरचे तारेचे कुंपण हद्द दाखवते, तर विहिरीभोवतीचे कुंपण नुसती राखण करते. गोल्फ हाच भेद मानतो. मैदानातली पंपघराची जाळी हलवता न येणारा अडथळा ठरते. चेंडू तिला टेकला, किंवा उभे राहायला वा काठी फिरवायला ती आड आली, तर दंड नाही. पूर्ण मोकळीक मिळेल अशी सर्वांत जवळची जागा शोधून, तिथपासून एका काठीच्या लांबीत, होलच्या अधिक जवळ न जाता, चेंडू गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा. जाळी नुसती फटक्याच्या दिशेत उभी असेल, तर सवलत नाही. उचलून बाजूला करता येणारी वस्तू सरळ उचलावी. त्यात चेंडू हलला तर दंड न होता मूळ जागी ठेवावा.

हद्दीचे कुंपण नियमांच्या लेखी अडथळा नाहीच. ते हलवता येत नाही, वाकवता येत नाही. जमिनीलगतची त्याची मैदानाकडची कड हीच हद्द. पूर्ण चेंडू तिच्या पलीकडे गेला, तर एक फटका दंड आणि आधीच्या जागेवरून पुन्हा फटका. चेंडू आत, पण तारेला चिकटून असेल, तर आहे तसा मारावा, नाहीतर एका फटक्याचा दंड सोसून बाजूला घ्यावा. नियम कठोर वाटतो. पण हद्दच सवलत देऊ लागली, तर तिला अर्थ उरणार नाही.

अशा पेचातून वाट काढणारा एक फटका २०१० च्या ओपन स्पर्धेत दिसला. सेंट अँड्र्यूजच्या सतराव्या होलवर मिगेल आंखेल हिमेनेझ या गोल्फपटूचा चेंडू हद्दीच्या दगडी भिंतीलगत अडकला होता. त्याने होलकडे पाठ करून चेंडू भिंतीवरच मारला. तो उसळून त्याच्या डोक्यावरून मागे गेला आणि ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीवर, येऊन थांबला. हद्दीची भिंत हलवायला मनाई आहे, तिच्यावर चेंडू आपटायला नाही.

कोणते कुंपण हद्दीचे आणि कोणते आतले, हे प्रत्येक क्लबच्या स्थानिक नियमांत लिहिलेले असते. नव्या मैदानावर पहिला फटका मारण्याआधी ते वाचावेत.