बाहुलीचा प्रवास

इतिहास म्हटला कीं राजांच्या वंशावळी, तहांचीं कलमें आणि लढायांचे नकाशे डोळ्यांपुढें उभे राहावेत, ही आम्हां अध्यापकांची जुनी खोड आहे. वऱ्हाडचा इतिहास शिकवितांना १८०३ सालची अडगांवची लढाई आणि १८५३ सालीं निजामानें कंपनी सरकारकडे लावून दिलेला मुलूख यांवर मीं कित्येक तास खर्चीं घातले असतील. परंतु त्याच मुलुखांतल्या मुली काय खेळत आणि सासरीं निघतांना पेटींत काय नेत, याविषयीं एक वाक्यहि उच्चारल्याचें मला स्मरत नाहीं. ही उणीव ज्या प्रसंगानें माझ्या ध्यानांत आणून दिली, तो ऐतिहासिक म्हणावा असा मुळींच नव्हे. वरवट बकालहून भोकरदनपर्यंत एक कुटुंब मोटारींतून गेलें आणि त्याच्याबरोबर कांहीं बाहुल्या गेल्या, इतकेंच.

वरवट बकाल हें बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यांतलें गांव. शेगांवाहून उत्तरेकडे निघून पूर्णा ओलांडली कीं, दोहों बाजूंना काळ्याभोर जमिनीचा सपाट पट्टा लागतो आणि क्षितिजावर सातपुड्याची निळसर रेघ दिसूं लागते. जमीन कपाशीला उदार, पण तिच्या पोटांतलें पाणी खारट. खारपाणपट्टा म्हणून हा भाग प्रसिद्धच आहे. येथें आमचें वडिलोपार्जित घर असून वैधव्यानंतर माहेरीं परतलेल्या माझ्या वृद्ध आत्याबाई तें सांभाळतात. गेल्या आश्विनांत सहकुटुंब तेथें जाण्याचा योग आला, तेव्हां घरोघर भुलाबाई बसल्या होत्या.

वऱ्हाड-खानदेशाबाहेरील वाचकांसाठीं येथें थोडा खुलासा केला पाहिजे. भुलोबा आणि भुलाबाई म्हणजे शंकर-पार्वतीच्या मातीच्या लहान मूर्ती. भाद्रपदी पौर्णिमेला त्या पाटावर बसतात. महिनाभर मुली तिन्हीसांजेला घरोघर जाऊन गाणीं म्हणतात, झांकून ठेवलेली खिरापत कोणती तें ओळखतात, आणि कोजागिरी झाली कीं बहुधा मूर्तींना पाण्यांत निरोप देतात. भुलाबाई ही महिन्याभरासाठीं माहेरीं आलेली लेक, अशी यामागची भावना आहे. तिच्या पुढ्यांत गाणाऱ्या मुली कांहीं वर्षांनीं स्वतःच अशा माहेरवाशिणी व्हावयाच्या असतात.

माझी कन्या बारा वर्षांची. भाची तिच्याहून दोन वर्षांनीं लहान. दोघींना बाहुल्या जमविण्याचा मोठा नाद. देशोदेशींचे पोषाख ल्यालेल्या सहा बाहुल्या त्यांनीं बरोबर आणल्या होत्या. मात्र प्रत्येक आपापल्या पारदर्शक पेटींत बंद. पेटी उघडली कीं किंमत उतरते, असें मला समजावून सांगण्यांत आलें. आत्याबाईंनीं हा संग्रह पाहिला, कांहीं बोलल्या नाहींत, आणि आंतल्या खोलींतून जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळलेली एक वस्तु घेऊन आल्या. ती लांकडाची बाहुली होती. एक हात तुटलेला. नाक-डोळे हाताळून हाताळून पुसून गेलेले. रंग म्हणून मानेखालीं थोडा तांबडा उरलेला.

ती माझ्या आजीची बाहुली. आजी १९२३ सालच्या सुमारास, वयाच्या अकराव्या वर्षीं, नांदुऱ्याकडील माहेराहून दमणींत बसून या घरीं आली, तेव्हां लुगड्यांखालीं ही बाहुली पेटींत होती. पहिल्याच आश्विनांत तिनें ती भुलाबाईशेजारीं पाटावर मांडली. कोजागिरीनंतर सासू म्हणाली, आतां तुझें लग्न झालें, हिलाहि पाण्यांत सोड. आजी मुकाट्यानें उठली, मातीच्या मूर्ती घेऊन गेली, आणि लांकडी बाहुली तिनें ज्वारीच्या कणगींत खोल पुरून ठेवली. कणगींतली ज्वारी खालीं गेली कीं ती पुन्हां खोल पुरावी, असें तिनें किती वर्षें केलें कोण जाणे! आत्याबाईंनीं लहानपणीं एकदां ती बाहेर काढली, तेव्हां आजी एवढेंच म्हणाली होती, “हे माह्या मायेरची हाय.”

बालविवाहाचा इतिहास आपण कायद्यांच्या सनावळींतून शिकतों. रखमाबाईंचा खटला १८८४ पासून १८८८ पर्यंत गाजला. १८९१ सालीं संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेण्यांत आली. १९२९ सालीं मंजूर होऊन १९३० च्या एप्रिलपासून अंमलांत आलेल्या सारडा कायद्यानें ब्रिटिश हिंदुस्थानांत मुलीच्या लग्नाचें किमान वय चौदा ठरविलें. वर्तमानपत्रांतील वादांच्या राशी अभ्यासकांस उपलब्ध आहेत. परंतु अकरा वर्षांच्या मुलीनें आपलें बाळपण धान्याखालीं दडवून ठेवलें, ही नोंद कोणत्या दप्तरांत सांपडावी? ती कणगींतच सांपडावयाची.

दुसऱ्या दिवशीं भोकरदनला जाण्याचें ठरलें होतें. तेथील उत्खननांत मिळालेल्या एका हस्तिदंती मूर्तीविषयीं मीं पुष्कळ वाचलें होतें. तें स्थळ मात्र पाहिलें नव्हतें. आत्याबाईंचें वय प्रवासाचें नव्हे. निघतांना त्यांनीं आजीची बाहुली भाचीच्या ओटींत ठेवली आणि म्हणाल्या, “पूर्णा ओलांडून आली, ती पुन्हां कधीं ओलांडली नाहीं तिनें. घेऊन जा.” अशा रीतीनें मोटारींत सहा बाहुल्या पेट्यांत आणि सातवी मांडीवर, असा आमचा प्रवास सुरू झाला.

वाट अशी: शेगांव, मग कापसाच्या बाजारासाठीं ज्याला १८७० सालीं रेल्वेचा फांटा मिळाला तें खामगांव, तेथून बोथ्याच्या बाजूनें ज्ञानगंगेचें जंगल चढून बुलढाणें, पुढें धाड आणि भोकरदन. जुन्या लोकांच्या भाषेंत सांगावयाचें तर पायनघाटांतून बालाघाटांत. या चढणीवर मुलुखाचें पाणी फिरतें. उत्तरेकडे पडलेला पाऊस पूर्णेंतून तापीला आणि पश्चिम समुद्राला मिळतो. दक्षिणेकडे पडलेला पाऊस पूर्णा याच नांवाच्या दुसऱ्या नदींतून गोदावरीला आणि पूर्व समुद्राला जातो. धाड मागें पडल्यावर वऱ्हाड आणि निजामाचा मराठवाडा यांच्यामधील जुनी हद्द लागते. १९४८ पर्यंत ती दोन राज्यव्यवस्थांची हद्द होती. आज रस्त्यावर तिची खूणहि दिसत नाहीं.

केळणा नदीच्या कांठचें भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. येथील दात्यांनीं दिलेल्या दानांचे उल्लेख सांची आणि भारहूत येथील स्तूपांवर कोरलेले आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वींहि येथील माणसें दूरदूर प्रवास करीत होतीं. १९७३ सालीं शांताराम भालचंद्र देव आणि रमेश शंकर गुप्ते यांनीं येथें उत्खनन केलें, त्यांत सातवाहनकालीन वस्तीचे पुष्कळ अवशेष निघाले. त्यांतच भंगलेली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति होती. तिच्या जातीची दुसरी एक मूर्ति तेर येथें, म्हणजे प्राचीन तगर नगरांत, मिळालेली आहे. आणि तिसरी? ती मिळाली इटलींत, पाँपेईच्या राखेखालीं!

इसवी सन ७९ मध्यें व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटून पाँपेई गाडलें गेलें. तेथील एका घरांत १९३८ सालीं सुमारें २५ सेंटिमीटर उंचीची ही हस्तिदंती स्त्री सांपडली. अंगावर दागिने भरपूर, दोहों बाजूंस दोन लहान सेविका. आज ती नेपल्सच्या संग्रहालयांत आहे. प्रथम तिला लक्ष्मी ठरविण्यांत आलें. पुढें अनेकांनीं यक्षी म्हटलें. ती आपल्या दक्षिणापथांत घडली असावी, असें भोकरदन आणि तेर येथील मूर्तींशीं असलेल्या साम्यावरून कित्येक विद्वान् मानतात. तिच्या पायथ्याशीं खरोष्ठी अक्षर असल्यामुळें इतर कांहींची दृष्टि वायव्येकडे वळते. दक्षिणेंतून निघाली असेल तर तिची पहिली मजल खुष्कीचीच असणार. पहिल्या शतकांतल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत पैठण आणि तगर येथील माल गाड्यांत भरून बिकट वाटांनीं भडोचच्या बंदरास जात असल्याचें नमूद आहे. भडोचहून पैठण वीस दिवसांची वाट, आणि तेथून तगर आणखी दहा दिवसांची.

गांवांतल्या पांढरीच्या टेकाडाजवळ आम्ही उभे होतों आणि मी हें सर्व मुलींना सांगत होतों. भाचीनें विचारलें, “मामा, ती कुणाची बाहुली होती?” मीं शिस्तीप्रमाणें उत्तर दिलें कीं, तिला बाहुली म्हणतां येणार नाहीं. पाँपेईच्या मूर्तीच्या डोक्यांत वरून भोंक आहे. त्यावरून ती आरशाची मूठ असावी अथवा एखाद्या आसनाचा पाय असावा, असे तर्क आहेत. तेर आणि भोकरदन येथें मिळणाऱ्या मातीच्या स्त्रीमूर्तींविषयींहि हाच वाद: हें खेळणें कीं दैवत? भाची क्षणभर थांबून म्हणाली, “मग आपली भुलाबाई?”

या प्रश्नानें मी निरुत्तर झालों, हें कबूल करावयास हरकत नाहीं. भुलाबाई महिनाभर दैवत असते, त्याच महिन्यांत मुलींची सखीहि असते, आणि शेवटीं माती होऊन ओढ्याला मिळते. हजार वर्षांनीं तिचा भाजलेला एखादा तुकडा कोणा उत्खनकाच्या हातीं लागला, तर तो त्यावर ‘मातृदेवता’ अशी चिठ्ठी लावील किंवा ‘खेळणें’ अशी. दोन्ही चिठ्ठ्या अर्ध्याच खऱ्या ठरतील. वस्तूला नांव देण्याची घाई आपणां अभ्यासकांना असते. ती जिच्या हातांत होती, तिचें नांव मात्र आपण विचारीत नाहीं.

परतीच्या वाटेवर मीं मुलींना दुसऱ्या एका बाहुल्यांच्या प्रवासाची हकीगत सांगितली. अमेरिकेनें १९२४ सालीं जपानी लोकांना आपलीं दारें बंद केलीं, तेव्हां मनें दुरावूं नयेत म्हणून सिडनी ग्युलिक नांवाच्या मिशनऱ्यानें अमेरिकन मुलांकडून बारा हजारांहून अधिक बाहुल्या जपानला पाठवविल्या. १९२७ च्या मार्चमधील तेथील बाहुल्यांच्या सणाला त्या शाळाशाळांतून वांटल्या गेल्या. बाहुल्यांबरोबर त्यांचीं नांवें होतीं आणि पारपत्रेंहि होतीं. जपाननें उलट ५८ बाहुल्या धाडल्या. पुढें महायुद्ध पेटलें आणि याच पाहुण्या शत्रु ठरून बहुतेक नष्ट करण्यांत आल्या. सुमारें तीनशें वांचल्या. त्यांतल्या कित्येक कोणा शिक्षकानें वा शिक्षिकेनें लपवून ठेविल्या, म्हणून. हें ऐकून कन्या एवढेंच म्हणाली, “पणजीसारखें.”

घरीं पोहोंचेपर्यंत अंधार पडला होता. मुलींनीं ठरविलें कीं, पणजीच्या बाहुलीलाहि पारपत्र पाहिजे. कन्येनें वहीचें पान फाडून रकाने आंखले: बाहुलीचा मूळ गांव, आगमनाचें वर्ष, मार्ग, वाहन. आत्याबाई सांगत गेल्या, मुली लिहीत गेल्या. दमणीला जुंपलेल्या बैलांचे रंगसुद्धां त्यांना आईकडून ऐकून ठाऊक होते. शेवटचा रकाना होता मालकिणीच्या नांवाचा. आत्याबाईंनीं आजीचें सासरचें नांव सांगितलें. कन्येनें विचारलें, “हें लग्नांत ठेवलेलें. बाहुली मिळाली तेव्हां तिचें नांव काय होतें?”

आत्याबाई बराच वेळ आठवीत राहिल्या. मामा तिला अक्का म्हणत, आजोळचीं सर्व माणसें अक्काच म्हणत; लग्नापूर्वींचें नांव घरांत कोणी कधीं उच्चारलें नव्हतें, आणि विचारावें असें त्यांनाहि कधीं सुचलें नव्हतें. सुचलें तेव्हां विचारावयास कोणी उरलें नव्हतें. मीं तर इतिहासाचा अध्यापक. आजी असतांना तिच्या पायांशीं बसून गोष्टी ऐकलेला. मलाहि सुचलें नाहीं.

भोगवर्धनाच्या दात्यांचीं दानें दगडांवर राहिलीं, निजामाचे आणि कंपनीचे करार दप्तरांत राहिले, आणि शंभर वर्षांपूर्वीं पूर्णा ओलांडून आलेल्या मुलीचें नांव तिच्याच घरांत हरवलें. ज्या घरांत आजहि एखादी वृद्ध स्त्री आहे, तेथील वाचकांनीं हा प्रश्न आजच विचारून ठेवावा, एवढीच माझी विनंती आहे. आमच्या बाहुलीचें पारपत्र त्याच लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळून ठेवलें आहे. त्यांतील शेवटचा रकाना मोकळा आहे.