खेलो इंडिया युवा क्रीडा स्पर्धा, पुणे (२०१९)

केंद्र शासनाच्या ‘खेलो इंडिया’ योजनेतील बहुक्रीडा स्पर्धेचे दुसरे पर्व. ९ ते २० जानेवारी २०१९ या काळात पुण्याने त्याचे यजमानपद सांभाळले. मुख्य स्थळ म्हाळुंगे-बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल. २०१८ मध्ये दिल्लीला झालेले पहिले पर्व शालेय स्पर्धा म्हणून भरले होते आणि सतरा वर्षांखालील मुलामुलींपुरते होते. पुण्यात एकवीस वर्षांखालील गटाची भर पडली. एकूण खेळ अठरा. कबड्डी, खो-खो, कुस्तीपासून नेमबाजी, टेनिसपर्यंत.

स्पर्धा ऐन हिवाळ्यातली, पण बर्फाशी तिचा संबंध नाही. बर्फावरच्या खेळांसाठी याच योजनेत २०२० पासून लेह व गुलमर्ग येथे वेगळी स्पर्धा भरते. त्या यजमानांची सारी मदार आभाळावर असते: २०२५ साली पुरेशी बर्फवृष्टी न झाल्याने गुलमर्गचा टप्पा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. पुण्याला तो घोर नव्हता. जानेवारीत इथे पहाटे पारा ११ अंशांच्या आसपास उतरतो, दुपारी ३० पर्यंत चढतो. धावपटूला आणखी काय हवे? पुढे पंचकुल्याचे पर्व जून २०२२ मध्ये आणि बिहारचे मे २०२५ मध्ये, म्हणजे भर उन्हाळ्यात उरकले गेले. खेळाडूंच्या दृष्टीने पुण्याचा मुहूर्त केव्हाही बरा.

यजमान शहराची दुसरी जमेची बाजू म्हणजे तयार मैदाने. बालेवाडीचे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभे राहिले, तेव्हा ते गावाबाहेरचे माळरान होते. २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धांच्या निमित्ताने त्याची डागडुजी झाली. २०१९ च्या जानेवारीत तर तिथे क्षणाची उसंत नव्हती. ५ तारखेला याच आवारातील टेनिस स्टेडियमवर महाराष्ट्र ओपनची अंतिम लढत झाली. चाळिशीला टेकलेल्या इव्हो कार्लोविचला केव्हिन अँडरसनने तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये हरवले. चारच दिवसांनी तिथे देशभरातली पोरे उतरली. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोची पायाभरणी जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी झाली होती, त्यामुळे पेठांतल्या पुणेकराला बालेवाडी तेव्हाही लांबच होती.

स्पर्धेतला सर्वाधिक बोलला गेलेला प्रसंग नेमबाजीचा. दहा मीटर एअर रायफलच्या मिश्र दुहेरीत आसनसोलचा अवघ्या दहा वर्षांचा मुलगा राष्ट्रकुल रौप्यविजेत्या मेहुली घोषच्या जोडीने उभा राहिला आणि बंगालला सुवर्ण मिळाले. तेही एकवीस वर्षांखालील गटात! वयोगट वरून बांधलेले असतात, खालून नाही.

पदकतक्त्यात महाराष्ट्र ८५ सुवर्ण, ६२ रौप्य व ८१ कांस्य अशा २२८ पदकांसह पहिला आला. हरियाणा ६२ सुवर्णांसह दुसरा, दिल्ली ४८ सुवर्णांसह तिसरी. आदल्या वर्षी हरियाणाने महाराष्ट्राला अवघ्या दोन सुवर्णांनी मागे टाकले होते, त्याची ही सव्याज परतफेड. घरच्या मैदानाचा फायदा मिळाला असे म्हणायला जागा आहे. पण २०२० मध्ये गुवाहाटीला महाराष्ट्राने २५६ पदके जिंकून पहिला क्रमांक राखला, तेव्हा सगळे श्रेय यजमानपदाला देता येत नाही.

राज्यातल्या राज्यात मात्र बालेवाडी सर्वांना सारखी जवळ नाही. वर्धा जिल्ह्यातील सेलूच्या शाळकरी खेळाडूला शालेय स्पर्धांतून वर चढायचे तर आधी तालुका, मग वर्धा, मग नागपूर विभाग आणि त्यानंतर राज्य, अशी शिडी आहे. तिच्या वरच्या पायरीवरून पुण्याला यायचे, तर वर्ध्याला महाराष्ट्र एक्सप्रेस पकडून अख्खी रात्र गाडीत काढावी लागते. पुण्या-मुंबईच्या मुलांना सिंथेटिक धावपट्टी आणि पोहण्याचा तलाव सरावासाठी हाताशी असतो. विदर्भातल्या तालुक्यांत बहुतेकांचा सराव शाळेच्या मातीच्या मैदानावरच होतो.