पाटकरी ते टाइमर: अंगणातल्या पाण्याची गोष्ट



घरामागच्या परसबागेला टाइमरवालं ठिबक बसवलं. चाळीस झाडं, सोळा एमएमची नळी, ताशी चार लिटरचे ड्रिपर, जाळीचा फिल्टर आणि सेलवर चालणारा टाइमर. अर्धा तास चाललं की झाडाला दोन लिटर, सगळ्या बागेला ऐंशी. शेजारचे काका बघायला आले नि म्हणाले, "आता काय, तू झोपलास तरी बाग पाणी पिणार!" मलाही तसंच वाटलं. पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी ही वस्तू आपल्या अंगणात आली कशी ते बघू.

ठरल्या वेळी ठरलं तेवढंच पाणी देणं ही काही नवी कल्पना नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेवर फड पद्धत शेकडो वर्षं चालली. बंधाऱ्यातून पाट, पाटातून फड, आणि एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी सोडायचं काम शेतमालकाचं नाही, गावानं नेमलेल्या पाटकऱ्याचं. पाणी कुठवर पोचलं, पाट कुठे फुटला, कोणाचं रान अजून ओलं आहे, हे तो पायी फिरून बघायचा. आजच्या भाषेत टाइमर, व्हॉल्व्ह आणि सेन्सर हे तिन्ही तोच.

वेळ मोजायचं साधनही जुनंच. लग्नात मुहूर्तासाठी ठेवायचे ते घटिकापात्र आठवा. बुडाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे 24 मिनिटं. इराणात भुयारी कालव्यांच्या गावांत अशाच वाटीवर शेतकऱ्यांच्या पाण्याच्या पाळ्या मोजत.

थेंबाचंही तसंच. महादेवाच्या पिंडीवरचं अभिषेकपात्र आपण रोज बघतो. मातीचं मडकं झाडाशेजारी पुरून भरून ठेवायची युक्ती चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीग्रंथात आहे. आंब्याच्या कलमाला आपणही ती करतोच.

आजचं ठिबक इस्रायलमधून आलं. सिम्खा ब्लास नावाच्या पाणी इंजिनिअरला 1930 च्या दशकात एक झाड दिसलं. वरून कुणी पाणी घालत नसताना ते आजूबाजूच्या झाडांपेक्षा जोमानं वाढलेलं. खाली पाइप गळत होता. पुढे प्लॅस्टिक स्वस्त झालं तेव्हा त्याची कल्पना जमली आणि 1965 मध्ये हत्झेरिम या वसाहतीत नेटाफिम कंपनी उभी राहिली. 1980 च्या दशकात ठिबक महाराष्ट्रात पसरू लागलं. जळगावच्या जैन इरिगेशननं ते केळीत नेलं, नाशिककडे द्राक्षात रुजलं.

लॉनचं घराणं मात्र वेगळं. हिरवळ ही इंग्लंडची हौस. तिथे बाराही महिने थोडाथोडा पाऊस, थंड हवा, त्यामुळे गवत आपोआप हिरवं. 1830 मध्ये एडविन बडिंगनं गवत कापायचं यंत्र काढलं नि ती हौस साध्या घरांपर्यंत आली. टक-टक करत फिरणारा तुषार मात्र कॅलिफोर्नियाच्या ऑर्टन एंगलहार्टचा, 1933 चा. तो स्वतः संत्रा-लिंबाचा बागायतदार होता. म्हणजे शेतातलं अवजार हिरवळीवर गेलं.

आता आपल्या गावाचं. आमच्या भातसानगरच्या नावाशीच धरण जोडलेलं आहे. तानसा 1892 चं, पुढे भातसा. दोन्ही आपल्याच शहापूर तालुक्यात. भातसाचं पाणी नदीतून पिसेपर्यंत जातं आणि तिथून उचलून मुंबईला. मुंबईचं जवळपास निम्मं पाणी या एका धरणाचं. इथे पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि एप्रिल-मे आला की याच तालुक्यात पाड्यांवर टँकर.

अशात मागच्या वर्षी एका फार्महाऊसवाल्यानं लॉनला ऑटोमॅटिक तुषार बसवून मागितले. मी त्याला हिशेब करून दाखवला. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात गवताला रोज पाचेक मिलिमीटर लागतं. शंभर चौरस मीटर लॉनला रोज पाचशे लिटर. दहा हजार लिटरचा टँकर वीस दिवसांत खलास. त्यानं ऐकलं. ओट्यासमोर दहा चौरस मीटर हिरवळ ठेवली, बाकी जागेत करवंद, चाफा, कढीपत्ता लावून त्यांना ठिबक दिलं.

ज्यांना बसवायचं आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. दहा मीटर उंचीला एक किलो दाब धरा. घरावरची टाकी चार मीटरवर असेल तर दाब जेमतेम 0.4 किलो. सोलेनॉइड व्हॉल्व्ह पाण्याच्याच दाबावर उघडतो, तेवढ्यात तो बहुतेक वेळा नीट चालत नाही. बॉल व्हॉल्व्हचा, कमी दाबावर चालणारा टाइमर घ्या. फिल्टर आठवड्याला धुवा, नळीचं टोक सोडून गाळ काढा.

आता माझं. मे महिन्यात लग्नासाठी चार दिवस मुरबाडला गेलो. मागे खारीनं नळी कुरतडली. टाइमरनं काम चोख केलं, सकाळ-संध्याकाळ वेळेवर पाणी सोडलं. हजार लिटरची टाकी एका कोपऱ्यात जिरून गेली आणि बाकी झाडं कोरडीच. परत आलो तेव्हा वरच्या पाड्यावर टँकर उभा होता, बाया हंडे घेऊन रांगेत. त्यातल्या एक मावशी सहज म्हणाल्या, "भाऊ, तुझी गटारगल्ली तर पोटभर प्याली."

टाइमर काढला नाही. दोन बदल केले. टाकीला मधोमध दुसरी तोटी काढली आणि ठिबक तिला जोडलं, म्हणजे नळी फुटली तरी अर्धी टाकी शिल्लक. आणि बाहेरगावी जाताना बाग काकांच्या नजरेखाली देतो. पहिला पाऊस पडला की टाइमर बंद, ऑक्टोबरच्या उन्हापर्यंत.

यंत्रानं दार उघडायचं काम घेतलं. पाट फुटला का हे बघत फिरणं अजून आपल्याचकडे आहे. तुमच्या बागेत ते कोण करतं?