चिंधी, कागद आणि गडचिरोलीचा बांबू

चंद्रपूर जिल्ह्यात कागद म्हटलं की बल्लारपूर आठवतं आणि बल्लारपूर म्हटलं की बांबू. तिथल्या पेपर मिलची कंपनी १९४५ची. पण बांबूचा कागद ही आपल्याकडे अलीकडची गोष्ट आहे. त्याआधी कित्येक शतकं इस्लामी जगात, युरोपात आणि दख्खनमध्येही कागदाचा मोठा आधार होता माणसाच्या अंगावरून उतरलेलं जुनं कापड.

आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादमध्ये कागद बनू लागला. तो प्रामुख्याने तागाच्या चिंध्यांचा होता. इ.स. १२००च्या सुमारास इजिप्तमध्ये राहिलेल्या अब्दुल लतीफ बगदादी या हकिमाने एक अजब नोंद करून ठेवली आहे. लोक प्राचीन कबरी उकरून प्रेतांना गुंडाळलेलं कापड काढत. त्यातलं अंगावर घालण्याजोगं नसे ते कागद करणाऱ्यांना विकत आणि त्याचा कागद किराणा दुकानांत पुड्या बांधायला जाई. मेलेल्यांच्या चिंधीलाही बाजारभाव होता!

दख्खनमध्ये दौलताबाद आणि खुलताबादच्या मधे कागजीपुरा हे गाव आहे. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७मध्ये राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा आलेल्या कारागिरांनी ते वसवलं, असं परंपरा सांगते. इथले आणि जुन्नरचे कागजी मुसलमान. चिंध्या, जुने दोर, तरट चुन्यात भिजवायचं, कुटायचं, धुवायचं. मग तो लगदा हौदात कालवून चाळणीवर उचलायचा, वाळवायचा, खळ लावून घोटायचा. फारसी फर्मानं असोत की मोडीतले हिशेब, दोन्ही अशाच हातकागदावर लिहिले गेले. पेशवे दफ्तरातले ते कागद ज्यात बांधून ठेवतात, त्या कापडी गाठोड्याला ‘रुमाल’ म्हणतात.

यात मला महत्त्वाचं वाटतं ते असं की कापड जितकं वापरलेलं, जितकं धुतलेलं, तितकं ते कुटायला सोपं. म्हणजे झिजणं हीच त्याची किंमत होती. सुती कापड जवळजवळ शुद्ध तंतूच असतं. बांबूचं तसं नाही. त्याचे तंतू मोकळे करायला तो रसायनांत शिजवावा लागतो, आणि त्यासाठी कारखाना लागतो.

एकोणिसाव्या शतकात कागदाची मागणी इतकी वाढली की चिंध्या पुरेनात. युरोपने लाकडाचा लगदा शोधला. हिंदुस्थानात नजर बांबूवर गेली आणि १९२५मध्ये सरकारने बांबू कागद उद्योगाला संरक्षण देणारा कायदाच केला. गिरणीच्या स्वस्त कागदापुढे कागजी टिकले नाहीत. १९३४मध्ये वर्ध्याला सुरू झालेल्या ग्रामोद्योग संघाने हातकागद पुन्हा उभा करण्याचा प्रयत्न केला. जे. सी. कुमारप्पा त्यामागे होते. पण शाळेच्या वह्या आणि वर्तमानपत्रं गिरणीकडेच राहिली.

चिंधीची गरज संपली, तेव्हा तिच्या जागी चंद्रपूर-गडचिरोलीचं जंगल आलं. तिथले गोंड आदिवासी घर, कुंपण, टोपल्या यांसाठी बांबूवरच जगत होते. पण १९२७च्या वन कायद्याने बांबूला झाड ठरवलं आणि त्यावर वनखात्याचा ताबा राहिला. २००६च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपजात आणला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला लागणारे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडला.

या दोन गोष्टी वेगळ्या मांडल्या जातात. कागजी मुसलमानांचा हुन्नर संपला ही एक आणि आदिवासींचा बांबू गेला ही दुसरी. मला त्या एकच वाटतात. कागद स्वस्त झाला तो दोघांना वगळून. जुन्या कपड्याला आज मोल नाही, कारण त्याच्या जागी जे आलं त्याचं मोल मालकाला कधी दिलंच गेलं नव्हतं. मेंढ्याने ते मागून घेतलं. कागजींना मागायला जागाच उरली नव्हती.