मांजर, मनीऑर्डर आणि इतिहास

इतिहासात घोड्यांची फार काळजीपूर्वक नोंद होते. राणा प्रतापाचा चेतक शाळकरी पोराला ठाऊक असतो. अलेक्झांडरनं तर आपल्या घोड्याच्या नावानं एक शहरच वसवलं. मांजराच्या वाट्याला मात्र तीन म्हणी आल्या : आडवं जाणं, डोळे मिटून दूध पिणं आणि गळ्यात घंटा बांधून घेणं. त्यातलं तिसरं तर त्यानं आजवर कधी केलेलंच नाही!

वास्तविक विद्या आणि मांजर यांची गाठ फार जुनी. नवव्या शतकातल्या एका आयरिश साधूनं आपल्या पोथीत पंगुर बान नावाच्या मांजरावर कविता लिहून ठेवली आहे. मतलब असा, की मी अर्थ धरतो, तो उंदीर धरतो, आणि दोघंही एकमेकांच्या कामात लुडबूड करत नाही. साधूचं नाव कुणालाच माहीत नाही. मांजराचं मात्र हजार वर्षं टिकलं. सगळीच मांजरं इतकी समंजस नसतात. दुब्रोव्निकच्या दप्तरखान्यात १४४५ सालचा एक कागद आहे, त्यावर शाईत बुडालेल्या पंजांचे चार ठसे स्पष्ट उमटलेले आहेत. त्या कारकुनानं काय शिव्या हासडल्या असतील त्या दप्तरात नाहीत, पण ज्यानं ज्यानं मांजर आणि दौत एका टेबलावर ठेवली आहे त्याला त्या तोंडपाठ असतात.

आणि इंग्लंडातल्या एक्झिटरच्या कॅथेड्रलमध्ये तर मांजर चक्क पगारावर होतं. १३०५ ते १४६७ या काळातल्या जमाखर्चात दर तिमाहीला तेरा पेनी मांजरापोटी खर्ची पडलेले आहेत. म्हणजे आठवड्याला एक पेनी. बाकीचं त्यानं स्वकष्टानं मिळवावं, ही अपेक्षा. दीडशे वर्षांत पगारवाढ नाही. प्राथमिक शिक्षकांनी हा दाखला जरूर ध्यानात ठेवावा.

पण या सगळ्या मंडळींना एक मोठी सोय होती. त्यांना घरी कळवायचं नव्हतं. साधूनं घर सोडलेलं, कारकून कमावता. विद्यार्थ्याची अडचण कुणाला ठाऊक असलीच तर ती कवी बायरनला. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात कुत्रा पाळायला मनाई होती म्हणून या गृहस्थानं १८०७ साली अस्वल आणलं. अस्वलाविषयी नियमांत अक्षर नव्हतं. याचं करणार काय, असं विचारल्यावर त्याला फेलोशिपच्या परीक्षेला बसवणार, असं उत्तर दिलं. हा सगळा पराक्रम त्यानं पत्रात खुलवून लिहिला आहे. पण पत्र आहे मैत्रिणीला. त्या वेळी त्याची आई हयात होती, हे मुद्दाम सांगतो.

माझ्यापुढे हा प्रश्न १९७८ च्या पावसाळ्यात उभा राहिला. मी पुण्यात इतिहास घेऊन बी. ए. करत होतो आणि सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात माडीवरच्या खोलीत राहत होतो. एका रात्री कौलांतून एक राखी रंगाचं, हाडं मोजून घ्यावीत असं पिल्लू उतरलं आणि थेट सरदेसायांच्या रियासतीवर जाऊन बसलं. शरीर किरकोळ, नजर संशयी, कुणावर म्हणून विश्वास नाही. फडणविशी चेहरा पाहून मी त्याचं नाव नाना ठेवलं. माझे थोरले चुलतेही नाना. पण इतिहासात योगायोग फार. (नावाच्या बाबतीत अमेरिका आमच्या पुढे आहे. १९७५ साली तिथल्या हेदरिंग्टन नावाच्या प्राध्यापकानं पदार्थविज्ञानावर एकट्यानं लेख लिहिला आणि चुकून सगळीकडे ‘आम्ही’ घातलं. पुन्हा टाइप करण्यापेक्षा त्यानं आपल्या चेस्टर नावाच्या बोक्याला सहलेखक केलं : एफ. डी. सी. विलार्ड. यातला विलार्ड म्हणजे बोक्याचे वडील. मांजरालाही वडिलांचं नाव लावतात, हे वाचून मला भरून आलं.)

माझे वडील गावी प्राथमिक शिक्षक. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. दरमहा नव्वद रुपयांची मनीऑर्डर यायची आणि ती येत राहावी म्हणून दादांनी आपली सायकल विकली होती. रोज दोन मैल शाळेत चालत जायचे. उलट टपाली मी महिन्याचा हिशेब पाठवायचा, असा रिवाज होता. त्या महिन्यात ‘दूध – साडेसात रुपये’ ही नवी बाब आली. उत्तराला चार दिवस लागले नाहीत. ‘दूध घेऊ लागलास हे वाचून तुझ्या आईस फार समाधान वाटले. शेजारीपाजारी सांगून आली. दूध सोडू नये.’

आता आली का पंचाईत? आई गावभर सांगत होती, आणि इकडे तब्येत नानाची सुधारत होती! दोन आंतर्देशीय पत्रं मी फाडली. तिसऱ्यात ‘ती. दादांस सा. न.’ या मायन्यानंतर बायरनपासून सुरुवात केली, आणि अस्वलापेक्षा मांजर किती स्वस्त पडतं हे आकड्यांनिशी मांडलं. खाली लिहिलं, की दूध मी पीत नाही, नाना पितो. पैसे मी माझ्या संध्याकाळच्या चहातून वाचवतो. पण त्याला आता परत कौलांवर सोडणं माझ्यानं होणार नाही.

आठ दिवस उत्तर नाही. दादांचं मौन हे त्यांच्या छडीपेक्षा लागायचं. शाळेच्या वाटेवरचे ते दोन मैल मी पुण्यात बसून रोज मोजत होतो. मग पोस्टकार्ड आलं.

‘चि. यास अनेक आशीर्वाद. मांजराचे कळले. बायरनच्या वडिलांची मिळकत काय होती ते कळवावे. आता पाळलेच आहेस तर उपाशी ठेवू नये. आपल्या हातून मांजर मेले तर सोन्याचे मांजर करून दान द्यावे लागते, असे तुझी आई म्हणते. आपली ऐपत पितळेच्या मांजराचीही नाही. तरी जपावे. चहा बंद करू नये.’

खाली कोपऱ्यात आईचं वाकडंतिकडं अक्षर : ‘त्याला देतोस त्यातलं अर्धं तू पी.’

पुढल्या महिन्यात पोस्टमननं नव्वदच्या जागी पंच्याण्णव रुपये मोजले. कुपनावर दादांनी नेहमीच्या टपोऱ्या अक्षरात एकच ओळ लिहिली होती : ‘पैकी रु. ५ नानास. पोहोच कळवावी.’