ट्रोल मारला की फॉर्म भरायचा

शुक्रवार, 29 ऑक्टोबर 2010. गाव ओस्लो. संध्याकाळचे सहा वाजून गेलेत आणि बाहेर काळोख दाटलाय. परवा रविवारी इथली घड्याळं तासभर मागे सरकतील, मग तर साडेचारलाच दिवेलागण. तुम्ही एका थिएटरच्या दारात उभे आहात. पुण्याच्या थंडीला पुरणारं जाकीट अंगावर आहे, म्हणजे इथल्या हिशेबाने काहीच नाही. भाषेची मात्र काळजी नको. काळ ओलांडून आलेल्या पाहुण्याला नॉर्वेजियन आपोआप कळतं, एवढी सवलत या प्रवासात असते.

आज ‘ट्रोलयेगेरेन’ लागलाय, म्हणजे ट्रोलचा शिकारी. दिग्दर्शक आंद्रे ओव्हरेडाल. आणि हो, इथले ट्रोल म्हणजे फोनवरून अनोळखी माणसांना शिव्या घालणारे नव्हेत. हे झाडांपेक्षा उंच, डोक्याने मंद, रात्री हिंडणारे आणि उन्हाची तिरीप लागली की दगड होणारे.

दिवे मालवतात. पडद्यावर गंभीर पाटी येते: निर्मात्यांकडे कुणीतरी नाव न देता चित्रीकरण पाठवून दिलं, तेच तुम्ही पाहताय, यात लबाडी नाही. हॉलमध्ये खसखस पिकते. 1999 साली ‘ब्लेअर विच’ हा असाच चित्रपट येऊन गेल्यापासून ही थाप जगाला पाठ झाली आहे. व्होल्डाच्या कॉलेजातली तीन पोरं कॅमेरा घेऊन एका चोरट्या अस्वलशिकाऱ्याच्या मागे लागलीत. तो दाद देत नाही. ती त्याचा माग सोडत नाहीत. मग हा हान्स नावाचा दाढीवाला, दमलेला, कुबट वासाच्या गाडीतून रात्र-रात्र भटकणारा माणूस पडद्यावर नीट दिसतो, आणि त्याने अजून काही केलेलंही नसताना अख्खं थिएटर हसतं.

तुम्हाला कळत नाही, काय झालं? उजवीकडचा पन्नाशीचा गृहस्थ, ओल्या लोकरी स्वेटरचा वास येणारा, डोळे पुसतोय. कारण असं आहे की हान्सचं काम करणारा ओट्टो येस्पर्सन हा इथला नामांकित आणि बदनाम विनोदवीर. 2006 साली ऑलेसुंड या भाविक गावात त्याने टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर जुन्या कराराची पानं जाळली होती, केवढा गदारोळ झाला होता. आता तोच माणूस चेहऱ्यावरची माशी न हलवता या पोरांना विचारतो की तुमच्यापैकी कुणी देवाला, येशूला मानत नाही ना? ट्रोलना ख्रिस्ती माणसाच्या रक्ताचा वास येतो म्हणून. प्रश्न धंद्यातल्या काळजीचा आहे, पण विचारतोय कोण ते बघा. हे सबटायटलमध्ये कुठून उतरणार?

पहिला ट्रोल जंगलातून येतो, तीन डोक्यांचा. हिरवट रात्रदृश्य, झाडं मोडल्याचा कडकडाट, कॅमेरा धरणाऱ्याचा श्वास. तुम्ही खुर्चीचे हात घट्ट धरता. हान्स गाडीवरच्या अतिनील दिव्यांचा झोत टाकतो आणि ते धूड उभ्याउभ्या दगड होतं. नंतर तो पोरांना समजावतो की तीन डोकी वगैरे काही नसतं. खरं डोकं एकच, बाकीची दोन वयानुसार उगवलेली गाठोडी. माद्यांवर छाप पाडायला आणि दुसऱ्या नरांना घाबरवायला. पुढे एक पशुवैद्य बाई शास्त्र सांगतात: ट्रोलच्या शरीराला उन्हातलं ड जीवनसत्त्व पचवता येत नाही, सगळा कॅल्शियमचा घोटाळा होतो, त्यात म्हातारे दगड होतात आणि तरणे फुटतात.

आणि फॉर्म. हे मी मुद्दाम जवळून दाखवतो, कारण चित्रपटाचा जीव इथे आहे. रात्रभर जिवावर खेळून ट्रोल मारल्यावर हान्स बसतो आणि सरकारी छापील फॉर्म भरतो. कोणत्या जातीचा, कुठे मेला, कसा मेला. त्याच्या हातात पेन आहे, चेहऱ्यावर कंटाळा आहे, आणि ही कामं करूनही रात्रपाळीचा भत्ता मिळत नाही ही तक्रार आहे. ट्रोल आहेत हे जनतेपासून लपवायचं असल्याने हान्सच्या सरकारी खात्याचा साहेब दर वेळी परदेशातून अस्वलं आणवून त्यांच्यावर बालंट घेतो, आणि तेही कधी चुकीच्या जातीचं अस्वल येतं. ज्याने आयुष्यात एकदा तरी सात-बाराच्या उताऱ्यासाठी खेटे घातलेत, त्याला हान्सचा चेहरा ओळखीचा वाटेल.

मध्यंतर नाही, बटाटेवडा नाही. दीड तासाहून थोडा जास्त वेळ, आणि लोक बाहेर.

आता फॉयरमध्ये उभे राहा आणि कान उघडे ठेवा. ‘एकदाही भीती वाटली नाही, राक्षसपट म्हणून तिकीट काढलं होतं,’ एक मुलगी मैत्रिणीला सांगतेय. मैत्रीण म्हणते, ‘डोंगरराजांच्या गुहेत तुझी नखं माझ्या हातात रुतली होती, बघ वळ.’ त्या गुहेत सगळे दबून बसलेत, बाहेरून ट्रोल घरी परततात, आणि कॅमेरावाला कालं घामाने भिजत चाललाय, कारण तो खरं तर श्रद्धाळू आहे आणि त्याने ते लपवलं होतं. एक चष्मेवाला तरुण नेहमीच्या मुद्द्यावर अडलाय: जीव जात असताना कुणी कॅमेरा धरून ठेवतं का? शिवाय हलत्या चित्राने त्याचं डोकं उठलंय. एका जोडप्याला गाडीतून दिसणारे फियोर्ड आणि धुकं फार आवडलंय, ट्रोल नसते तरी चाललं असतं म्हणतात. आणि स्वेटरवाले काका? ते कुणाशी वाद घालत नाहीत. ते नुसते हसताहेत, लहानपणीचा कुणी वर्गमित्र अचानक भेटावा तसे.

माझं मत विचाराल तर नखं रुतवणाऱ्या मुलीचं निम्मं बरोबर आहे. ती तीन पोरं पुठ्ठ्याची आहेत. कालं मेल्यावर दोघं जेवढी हळहळतात तेवढी आपण छत्री हरवल्यावर हळहळतो. त्याच्या जागी नवी कॅमेरावाली येते, मुसलमान, आणि मुसलमान रक्ताला ट्रोल काय करतील हे हान्सलाही ठाऊक नाही. प्रसंग छान, पण तिचं पुढे काही होत नाही. मात्र भीतीच्या फूटपट्टीने हा चित्रपट मोजायचा, तर आधी काकांच्या हसण्याचा पत्ता काढावा लागेल. त्यासाठी दीडशेहून अधिक वर्षं मागे चला.

1840च्या दशकातलं दरीतलं एक शेतघर. देश स्वीडनच्या राजाच्या छत्राखाली, ओस्लोचं नाव क्रिस्तियानिया. चुलीच्या धुराने तुमचे डोळे चुरचुरतात, वर दांडीवर पातळ कडक भाकऱ्यांची चळत. बाकावर एक जाडजूड तरुण वही घेऊन बसलाय, पेटर क्रिस्तेन आस्ब्यर्नसन. घरातली म्हातारी सांगतेय आणि तो टिपून घेतोय. हेडालच्या जंगलात दोन गरीब पोरांची तीन ट्रोलांशी गाठ पडते. ट्रोल पाइनच्या झाडांएवढे, पण तिघांत मिळून डोळा एकच. पाळीपाळीने लावायचा, ज्याच्याकडे डोळा त्याने पुढे चालायचं. त्यांना वास येतो की इथे कुणी ख्रिस्ती आहे. पोरगा मागच्याच्या घोट्यावर कुऱ्हाड घालतो, तो किंचाळतो, डोळा खाली पडतो आणि पोरं तो उचलतात. मग सोन्यारुप्यावर सौदा. ऐकणारी लहान मुलं घाबरलेली नाहीत. ती खिदळताहेत.

हा जाडा गृहस्थ साधा नव्हे. तो प्राणिशास्त्रज्ञ आहे. पुढे 1853 साली तो हार्डांगर फियोर्डच्या तळातून एक अद्भुत तारामासा वर काढील आणि त्याला नॉर्स देवीच्या कंठहाराचं नाव देईल. त्यानंतर सरकारी वनाधिकारी होईल, आणि 1864मध्ये स्वयंपाकावर पुस्तक लिहून खिरीसारख्या लापशीवरून देशभर पेपरांत भांडण लावून देईल. त्याचा जोडीदार योर्गेन मू हा धर्मशास्त्राचा माणूस, शेवटी बिशप झाला. नॉर्वेच्या लोककथा जगाला दिल्या त्या या दुकलीने: एक वनखात्याचा प्राणिशास्त्रज्ञ, एक धर्मगुरू.

आता पुन्हा ओव्हरेडालचा चित्रपट आठवा. एका बाजूला जाती, गाठोडी, कॅल्शियम, रक्ताचा नमुना, सरकारी खात्याचा फॉर्म. दुसऱ्या बाजूला ख्रिस्ती रक्ताचा वास. दिग्दर्शकाने हे ठरवून केलं असं मी म्हणत नाही. पण ट्रोल ज्या वहीतून आला ती वहीच अशी दोन हातांनी लिहिलेली होती, आणि ओट्टो येस्पर्सनच्या हान्समध्ये ते दोन्ही हात दिसतात. काका हसले ते या गोष्टी आजीच्या मांडीवर ऐकून पाठ झालेल्या होत्या म्हणून. त्यांच्यासाठी ट्रोल परका कधी नव्हताच, फक्त त्याच्यावर पहिल्यांदाच सरकारी शिक्का बसला.

वाटेत 1906ला पाच मिनिटं थांबू. सिग्दालमधल्या लाउवलिया नावाच्या घरात थेओदोर किट्टेलसन चित्र काढतोय. जंगलातूनच उठून आलेला, डोक्यावर झाडं वाढलेला, एका डोळ्याने बघणारा ट्रोल. पडद्यावरचे लांब नाकांचे, केसाळ, बावळट चेहरे कुठून आले ते तुम्हाला एका नजरेत कळतं. थिएटरातल्या ज्या कुणाला ते ‘खोटे, रबरी’ वाटले, त्याने हे चित्र पाहिलेलं नसणार. ते खरे दिसायला नव्हतेच, पुस्तकातल्यासारखे दिसायला होते.

आणखी एक थांबा, 2010चाच उन्हाळा, हार्डांगर. आस्ब्यर्नसनचा तारामासा याच पाण्यातला. जुलैत सरकारने इथून उच्चदाबाची वीजवाहिनी न्यायला मंजुरी दिली आहे, आणि लोक निदर्शनं करताहेत. त्या अजस्र मनोऱ्यांना त्यांनी नाव ठेवलंय राक्षसखांब. तीन-चार महिन्यांनी हीच माणसं थिएटरात बसतात आणि हान्स सांगतो की डोंगरातल्या त्या विजेच्या तारा म्हणजे ट्रोलना अडवणारं कुंपण आहे. वीज कंपनीचा माणूस, तोही एक विनोदवीर, शांतपणे कबूल करतो की वाहिनी गोल फिरून जागच्या जागी येते, पण याचं नवल कुणी केलं नाही. हशा का फुटला असेल ते आता वेगळं सांगायला नको.

आणि अगदी शेवटी पडद्यावर पंतप्रधान येन्स स्टोल्टेनबर्ग. खरेखुरे, तेव्हा गादीवर असलेले. पत्रकारांसमोर ते ट्रोलबद्दल बोलतात. उत्तर समुद्रात ‘ट्रोल’ नावाचं प्रचंड वायुक्षेत्र आहे, त्याविषयी ते कधीतरी बोलले होते. ओव्हरेडालने तेच चित्रण कापून इथे चिकटवलं. ओस्लोत सगळ्यात मोठा हशा या जागी.

आता 2011चा जानेवारी, अमेरिकेतलं युटा, पार्क सिटी. सनडान्स महोत्सव, मध्यरात्रीचा खेळ, बाहेर बर्फ. तोच चित्रपट, इंग्रजी सबटायटलसह. ओट्टो येस्पर्सन येतो, एकही हसत नाही. इथे तो दमलेला शिकारीच आहे, आणि मजा म्हणजे त्यामुळे तो जास्त चांगला नट वाटतो. विजेच्या तारांवर शांतता. डोव्हरेच्या पठारावर डोंगरासारखा योतुन जातीचा ट्रोल उभा राहतो तेव्हा मात्र लोक खुर्चीत मागे सरकतात. ओस्लोत त्याला टाळ्या होत्या, इथे श्वास रोखलेत.

एका जागी दोन्ही गावं सारखी हसतात. हान्स चिलखत चढवून, शेळ्या बांधून पुलावर ट्रोलची वाट बघतो तेव्हा. तीन बोकड आणि पुलाखालचा ट्रोल ही गोष्ट 1859 साली जॉर्ज डेसंटने इंग्रजीत नेली आणि ती अमेरिकी घरांत झोपताना सांगायची गोष्ट होऊन बसली. तुम्हीही हसता, कारण धाकटा बोकड ट्रोलला म्हणतो की मला सोड, मागून माझा थोरला येतोय तो जास्त लठ्ठ आहे. आणि भोपळ्यातल्या म्हातारीने वाघाला साधारण हीच थाप मारली होती, लेकीकडून जाडजूड होऊन येते मग खा.

खेळ सुटतो. बसच्या रांगेत लोक कुडकुडत भांडताहेत. एकाला तो आजवरचा सर्वात उत्तम हलत्या कॅमेऱ्याचा राक्षसपट वाटला. दुसऱ्याचं म्हणणं, निम्मा वेळ नुसती गाडी चालवतात. तिसरी विचारते की विनोद होता की गंभीर होता ते ठरवायला हवं होतं दिग्दर्शकाने. तुमच्यापुढचा मुलगा टोपी कानांवर ओढत म्हणतो, सगळे बरे होते, फक्त शेवटी पंतप्रधान झालेला नट जरा लाकडी वाटला.

तुम्ही त्याला सांगता की तो नट नव्हता.

‘म्हणजे ते सगळं तो खरंच बोललाय?’

‘हो,’ तुम्ही म्हणता, ‘गॅसबद्दल.’

तो काही क्षण तुमच्याकडे बघतो आणि मग मित्राला हाक मारून सांगतो, ‘हा बघ, हान्सच्याच खात्यातला दिसतोय.’